द पॅशन ऑफ द क्राइस्ट : प्रेक्षकांचे प्रतिसाद

येशू ख्रिस्ताच्या आयुष्यातील अखेरच्या सुमारे बारा तासांचे चित्रण करणारा मेल गिब्सन यांचा हा अमेरिकन चित्रपट २५ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा आरंभ करणाऱ्या राखेच्या बुधवारी, अमेरिकेत प्रदर्शित झाला. येशूची भूमिका जिम कॅव्हिझेल यांनी, त्याची आई मरिया हिची माया मॉर्गनस्टर्न यांनी आणि रोमन सुभेदार पिलाताची ख्रिस्तो शोपोव्ह यांनी केली. चित्रीकरण इटलीतील मातेरा या प्राचीन गावात आणि रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत झाले. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन भाषांत असून मुळात उपशीर्षकेही द्यायची नाहीत, असा गिब्सन यांचा विचार होता. सुमारे ३ कोटी डॉलरचा निर्मितीखर्च त्यांनी स्वतः उचलला. नामवंत तारे नसलेल्या आणि प्राचीन भाषांतून बोलणाऱ्या या चित्रपटाने जगभरात ६१ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, त्यातील सुमारे ३७ कोटी एकट्या अमेरिकेत. मात्र इतक्या मोठ्या संख्येने पाहिल्या गेलेल्या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांत इतके टोकाचे मतभेद क्वचितच झाले असतील.

या मतभेदाचे मूळ बऱ्याच अंशी चित्रपटाच्या घडणीतच आहे. कथा गेथशेमाने बागेतील प्रार्थनेपासून सुरू होते आणि अटक, चौकशी, फटके, क्रूस वाहणे व क्रुसावरील मृत्यू या क्रमाने पुढे सरकते. येशूची शिकवण, शेवटचे भोजन आणि बालपण हे स्मृतिदृश्यांच्या तुकड्यांतून दिसते, तर पुनरुत्थान शेवटच्या काही क्षणांत उरकले जाते. ज्याला ही कथा लहानपणापासून पाठ आहे तो मधल्या जागा आपल्या श्रद्धेने भरून काढतो. ज्याला ती ठाऊक नाही त्याला एका निरपराध माणसाला मरेपर्यंत मारले जात असल्याचेच तेवढे दिसते. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांत, फटक्यांचा प्रसंग एखाद्या वाक्यात आटोपतो आणि त्यांपैकी एकाचा कर्ता लूक तर केवळ पिलाताने शिक्षा करून सोडण्याची तयारी दाखवल्याचे नोंदवतो. गिब्सन यांनी याच प्रसंगाचा विस्तार करून तो चित्रपटातील सर्वांत असह्य भाग केला. या विस्ताराची बरीच सामग्री ॲना कॅथरिना एमेरिख या जर्मन संन्यासिनीच्या दर्शनांवर आधारलेल्या, १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून आली आहे. पिलाताच्या पत्नीने मरियेला वस्त्रे देणे आणि मरियेने त्या वस्त्रांनी फरशीवरचे रक्त टिपणे, हे प्रसंग बायबलमध्ये नाहीत.

श्रद्धाळू कॅथलिक प्रेक्षकाला हे सारे ओळखीचे वाटले, यात नवल नाही. क्रुसाची वाट, जपमाळेतील दुःखाची रहस्ये आणि चर्चमधील रक्ताळलेल्या मूर्ती यांतून येशूच्या जखमांवर चिंतन करण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. गोव्यात उपवासकाळात निघणाऱ्या सांतुस पासुसच्या मिरवणुका हे तिचेच एक रूप होय. अमेरिकेतील इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या, प्रोटेस्टंटांचा उत्साह मात्र अधिक विचार करायला लावणारा आहे. त्यांच्या चर्चमधील क्रूस येशूच्या मूर्तीविना, रिकामा असतो आणि यातनांच्या चित्रणाकडे त्यांची परंपरा संशयानेच पाहत आली. तरीही पाळकांसाठी आधीच खास खेळ झाले, मंडळ्यांनी तिकिटे घाऊक प्रमाणात घेतली आणि प्रौढ सोबत असल्याशिवाय सतरा वर्षांखालील मुलांना प्रवेश न देणारे प्रमाणपत्र असूनही चर्चचे तरुण गट चित्रपटगृहांत गेले. आरंभी पडद्यावर येणाऱ्या, बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५३ व्या अध्यायातील ओळीनुसार ही वेदना आपल्या पापांसाठी सोसलेली आहे, आणि म्हणून ती जितकी तीव्र तितके प्रेम मोठे, असे या प्रेक्षकांचे म्हणणे होते. पण ख्रिस्ती प्रेक्षकही एकमुखी नव्हते. डोंगरावरील प्रवचन देणारा येशू इथे जवळजवळ हरवला आहे आणि ज्या पुनरुत्थानाशिवाय दुःखसहनाला अर्थ नाही ते निसटते दाखवले आहे, ही तक्रार चर्चच्या आतूनच आली. ती रास्त म्हणावी लागते.

समीक्षकांत फूट पडली ती हिंसेच्या प्रमाणावरून नव्हे, तर तिच्या प्रयोजनावरून. रॉजर ईबर्ट यांनी आपण पाहिलेला हा सर्वांत हिंसक चित्रपट असल्याचे लिहिले आणि तरीही त्याला पूर्ण चार तारे दिले, कारण दिग्दर्शकाला जे करायचे होते ते त्याने साधले, असे त्यांना वाटले. याउलट ‘न्यूयॉर्कर’ या नियतकालिकात डेव्हिड डेन्बी यांना त्यात मृत्यूचा किळसवाणा ध्यास दिसला. छायाचित्रण, रंगभूषा आणि संगीत या तीन विभागांत ऑस्करची नामांकने मिळाली, पुरस्कार एकही मिळाला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप ज्यू समाजातून आला आणि तो चित्रपटाच्या कितीतरी आधीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. युरोपात येशूच्या यातनांची नाटके पाहून पेटलेल्या जमावाने ज्यू वस्त्यांवर हल्ले केल्याची स्मृती या समाजात खोलवर आहे. जर्मनीतील ओबरामरगाऊचे १६३४ पासून चालत आलेले नाटक पाहायला १९३४ मध्ये हिटलर गेला होता आणि पुढे त्याने त्याची वाखाणणीही केली. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येणार नाही, असे कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केले, आणि १९८८ मध्ये अमेरिकी बिशपांनी अशा नाट्यरूपांसाठी कसोट्याही घालून दिल्या. या पार्श्वभूमीवर चित्रपटातील कनवाळू, द्विधा मनःस्थितीतला पिलात आणि निष्ठुर ज्यू महायाजक कय्यफा ही मांडणी खटकणे साहजिक होते. फायलो आणि जोसीफस या पहिल्या शतकातील ज्यू लेखकांच्या लेखनातील पिलात मुळीच असा नाही. २००३ मध्ये संहिता वाचलेल्या ख्रिस्ती व ज्यू अभ्यासकांनी हेच दाखवून दिले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ज्यू जमावाच्या तोंडचे ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ हे वाक्य गिब्सन यांनी उपशीर्षकातून काढले, पण अरामी संवादात ते राहू दिले, आणि ही तडजोड कोणालाच पटली नाही. सर्वांत क्रूर पात्रे रोमन शिपाई आहेत, येशूला क्रूस वाहायला मदत करणारा शिमोन सहृदय ज्यू आहे आणि मरियेची भूमिका करणारी अभिनेत्रीही ज्यूच आहे, असा बचाव समर्थकांनी केला. मायकेल मेडव्हेड यांच्यासारखे सनातनी ज्यू समीक्षकही त्यांत होते.

अरब देशांतील प्रतिसाद अनपेक्षित होता. इस्लाममध्ये येशू हा पैगंबर असून पैगंबरांचे चित्रण वर्ज्य मानले जाते, शिवाय तो क्रुसावर मरण पावला हे कुराणाला मान्य नाही. या कारणांनी कुवेत व बहरीनमध्ये चित्रपटावर बंदी आली, पण इजिप्त, लेबनॉन, सीरिया आणि जॉर्डनमध्ये तो चालला आणि पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनीही तो पाहिला. या लोकप्रियतेत इस्रायलविरोधी राजकारणाचा वाटा होता, असे टीकाकारांनी म्हटले. मलेशियात तो केवळ ख्रिस्ती प्रेक्षकांना पाहता आला. ख्रिस्तपटाकडे परधर्मीय प्रेक्षक आपल्याच परंपरेच्या डोळ्यांनी पाहतो, याचा एक जुना दाखला मराठी वाचकाला ठाऊक आहे : १९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभे राहिले होते.

मार्च २००५ मध्ये गिब्सन यांनी सुमारे पाच मिनिटांची हिंसक दृश्ये वगळून सौम्य आवृत्ती आणली, पण तिला प्रेक्षक मिळाले नाहीत. ज्यांना मूळ चित्रपट भावला होता त्यांना यातना कमी झालेल्या नको होत्या, आणि ज्यांनी तो नाकारला होता त्यांचे आक्षेप पाच मिनिटांनी मिटणारे नव्हते. जुलै २००६ मध्ये मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असता गिब्सन यांनी ज्यूंविरुद्ध अपशब्द काढले आणि नंतर माफी मागितली. तोवर चित्रपटाला संशयाचा फायदा देणाऱ्या अनेकांना आपल्या जुन्या मताचा फेरविचार करावा लागला.