शेजारच्या गावची जिनिंग आणि आयर्लंडमधला कारखाना

आमच्या गावात जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करणारी गिरणी, कधी आली नाही. आली ती चार कोसांवरच्या गावात, डांबरी रस्त्याला. दिवाळीनंतर तिथं काट्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यातल्या बहुतेक आजूबाजूच्या गावांच्या असतात. मालकानं जागा घेताना सगळ्या पट्ट्याचा कापूस हिशेबात धरला होता. आता आमच्याकडं दुसरी जिनिंग कोण कशाला टाकेल?

सरकीचं मात्र उलट आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो. उरलेली बहुतेक सरकीच. एवढं वजन लांब न्यायचं म्हणजे भाडं अंगावर येतं. म्हणून जिनिंगच्या आसपासच तेल मिल परवडते. म्हणजे ज्या जिनिंगनं आमची जिनिंग घालवली, तिच्यामुळेच आमच्याकडं तेल मिल येऊ शकते.

परदेशी कंपन्या कारखान्यासाठी देश निवडतात तेव्हाही हेच होतं. आयर्लंडची लोकसंख्या जेमतेम ५० लाखांवर, म्हणजे साधारण आपल्या नागपूर जिल्ह्याएवढी. अमेरिकी कंपन्या काही तेवढ्या गिऱ्हाइकासाठी तिथं गेल्या नाहीत. कमी कर आणि इंग्रजी ही कारणं आहेतच. पण १९७३ साली आयर्लंड युरोपीय समुदायात गेला आणि तिथला माल जकातीशिवाय फ्रान्स-जर्मनीत जाऊ लागला. असा कारखाना एका देशात उभा राहिला, की शेजाऱ्याच्या हातून गेला. ही झाली जिनिंग.

सरकीचा नमुना व्हिएतनाममध्ये आहे. सॅमसंगनं २००९पासून तिथं उत्तरेकडं, बाक निन्हमध्ये मोबाइल बनवायला घेतले. सुटे भाग मोठ्या प्रमाणात लगतच्या चीनमधून येतात. शेजाऱ्याकडं कारखाने होते, म्हणून इथं जुळणी परवडली.

पूर्वी अर्थशास्त्रज्ञ बहुधा देशांची जोडीच तपासत: पैसा घालणारा आणि घेणारा. ब्रूस ब्लोनिगन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकी गुंतवणुकीच्या गणितात आजूबाजूचे देशही धरले. जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. शेजाऱ्यांचा परिणाम दिसला, पण कोणते देश निवडले त्यावर तो बदलत गेला. मला त्यात नवल वाटत नाही. जिनिंग आणि तेल मिल एकाच वहीत मांडल्यावर बेरीज गोंधळणारच!

शिवाय शेजार नुसता किलोमीटरवर ठरत नाही. एप्रिल २०२०मध्ये भारतानं जमिनीची हद्द लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली; चीनमधल्या कंपनीला भारत एका कागदानं लांब गेला. आमच्याकडं हद्दीला असा अडसर नाही. भाव बरा दिसला की यवतमाळच्या दक्षिणेकडचे कास्तकार पैनगंगा ओलांडून कापूस तेलंगणातल्या आदिलाबादला नेतात, आणि इकडच्या जिनिंगवाल्याला सकाळी आधी तिकडचा भाव विचारावा लागतो.