हॉस्पिटलच्या भिंतीवरची रुग्ण हक्क सनद आली कुठून?

महाराष्ट्रातल्या खाजगी हॉस्पिटलांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं, हा नियम जानेवारी २०२१ मध्ये आला. नर्सिंग होम नोंदणीच्या जुन्या नियमांत तेव्हा दुरुस्ती झाली. कोविडच्या बिलांमुळे सरकारला जाग आली असं बऱ्याच जणांना वाटतं. कोविडनं घाई झाली असेल, पण त्याच्या मागं वीसेक वर्षांचं काम आहे आणि त्यातलं बरंचसं पुण्यातून झालंय, ते माहीत असायला हवं.

कोर्टाची बाजू आधी सांगतो. १९९५ ला व्ही. पी. शांता केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. १९९६ ला मुंबई हायकोर्टानं केसपेपर मागितले तर द्यावे लागतील असं सांगितलं, आणि २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत ७२ तासांची मुदत आली. मग २००८ ची समीरा कोहली केस. या बाई फक्त तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघण्यासाठी, गेल्या होत्या, भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. सुप्रीम कोर्ट म्हणालं की पेशंट सज्ञान आहे, इमर्जन्सी नाही, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, मग आईची सही चालणार नाही. आपल्याकडे आजही सही नातेवाईकाची आणि शरीर पेशंटचं असंच चालतं म्हणून हा निकाल मला फार मोठा वाटतो.

पण कोर्टात माणूस जातो तो सगळं होऊन गेल्यावर. वॉर्डात पडलेल्या, घाबरलेल्या माणसाला "डॉक्टर, ही टेस्ट कशासाठी?" एवढं विचारायचं बळ निकालातून येत नाही. इथं डॉ. अभय शुक्ला आणि त्यांच्या पुण्यातल्या 'साथी' संस्थेचं काम येतं. शुक्ला स्वतः डॉक्टर, सार्वजनिक आरोग्याचे संशोधक, पण त्यांचं संशोधन लोकांना सोबत घेऊन चाललेलं. २००७ ला केंद्राच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, महाराष्ट्रात पहिल्यांदा ५ जिल्ह्यांत, आणि राज्याची जबाबदारी 'साथी'कडे होती. गावातल्याच लोकांनी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा पिवळा लाल असे रंग द्यायचे, म्हणजे नर्स येते का, औषधं बाहेरून आणायला सांगतात का, पैसे मागतात का, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं. एकटी बाई दवाखान्यात गप्प बसते, पण जनसुनवाईत शंभर जणांसोबत तीच बाई बोलते, आणि पेशंटचं सक्षमीकरण म्हणतात ते मला तरी इथं सगळ्यात नीट दिसतं.

सरकारी दवाखान्याचं असं चाललं होतं तेव्हा खाजगीकडे मात्र कुणाला हात घालता येत नव्हता, हॉस्पिटलांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलाच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून खाजगीतल्या कट प्रॅक्टिसबद्दल (पेशंट पाठवल्याचं कमिशन घेणं), नको त्या टेस्ट आणि ऑपरेशनबद्दल त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं, त्या कामात शुक्ला पुढं त्यांच्यासोबत होते. दुसरीकडे जन स्वास्थ्य अभियान, म्हणजे देशभरच्या आरोग्य संघटनांची आघाडी, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाबरोबर २००४ मध्ये आणि परत २०१५-१६ मध्ये जनसुनवाया घेत होतं. त्यातूनच पुढं आयोगाची २०१८ ची सनद आली, १७ हक्कांची. सेकंड ओपिनियन घ्यायचा हक्क, औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं ते ठरवायचा हक्क, बिल राहिलंय म्हणून पेशंटला किंवा बॉडी अडवून न ठेवण्याचा हक्क, सगळं त्यात आहे. २०१९ ला केंद्रानं राज्यांना ती लागू करा म्हणून कळवलं.

मग कोविड. मे २०२० मध्ये राज्यानं दर बांधून दिले, साधा वॉर्ड रोजचे ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर ९०००. तरी लाखांची बिलं आलीच. जन आरोग्य अभियान (जन स्वास्थ्य अभियानाची महाराष्ट्रातली शाखा) आणि एकल महिलांच्या संघटनेनं मिळून नवरा गमावलेल्या बायकांचे बिल ऑडिटचे, म्हणजे बिल तपासून घ्यायचे, अर्ज भरून घेतले, काहींना पैसे परतही मिळाले, आणि यातल्या कितीतरी जणींनी त्याआधी हॉस्पिटलला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.