हिस्टामिनच्या पेशीत गाबा कशासाठी?

हळदीचे सौदे सुरू झाले, की सांगलीच्या मार्केट यार्डात पिवळी धूळ उडते आणि शिंका सुरू होतात. गेल्या हंगामात तेथील एका हमालाने मला ठामपणे सांगितले, की सर्दीच्या गोळीत डॉक्टर मुद्दाम झोपेचे औषध देतात. गोळी घेऊन एस.टी.त बसलेल्या त्याला पेठ नाक्यावर उतरायचे होते, जाग आली ती कराडला. त्याचा अनुभव खरा असला, तरी निष्कर्ष चुकीचा आहे. नाकात खाज उठवणारे हिस्टामिन मेंदूत जागेपणाचा निरोप पोचवते, आणि क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरून पेशींवरील तो निरोप स्वीकारणारी एच-1 ही प्रथिनेच अडवून बसतात.

हे हिस्टामिन तयार करणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या मागच्या बाजूला असतात, हे 1984 मध्ये स्पष्ट झाले. माणसात त्या जेमतेम 64,000 असाव्यात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेले असतात. झोपेची वेळ झाली, की हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील पेशी त्यांच्यावर गाबा हे रसायन सोडतात. त्यामुळे पेशीपटलातील वाटा उघडून ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी उत्तेजित होणे अवघड होते. (गाढ झोपेसाठी गाबाच्या गोळ्या विकणाऱ्या जाहिराती एवढेच सांगत नाहीत, की तोंडावाटे घेतलेला गाबा रक्तातून मेंदूत सहजासहजी जात नाही.)

खरे कोडे पुढेच आहे. गाबा तयार करणारे विकर खुद्द या हिस्टामिनच्या पेशींतही सापडते. जागे ठेवणाऱ्या पेशीने शांत करणारे रसायन का बाळगावे? शिवाय रसायन नुसते तयार असून भागत नाही. हळद पोत्यात भरून पोते शिवल्याखेरीज जशी यार्डाबाहेर पडत नाही, तसा गाबाही एका विशिष्ट वाहक प्रथिनाने सूक्ष्म पिशव्यांत भरावा लागतो. लंडनमधील संशोधकांनी 2015 मध्ये उंदरांच्या याच पेशींतील ते प्रथिन कमी केले, तेव्हा उंदीर जास्त वेळ जागे राहिले आणि अतिचंचल झाले. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की या पेशी हिस्टामिनबरोबर गाबाही सोडतात आणि जागेपणाला स्वतःच आवर घालतात. 2019 मध्ये मात्र दुसऱ्या एका गटाला या पेशींत ते भरणी करणारे प्रथिन जवळजवळ आढळलेच नाही आणि पेशी प्रकाशाने उत्तेजित करूनही गाबा बाहेर पडल्याचे दिसले नाही. माल आहे याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो पोत्यांचा.