रायझन ५६०० आणि ५६००जी : नाव जवळजवळ एकच, आतली चिप वेगळी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात कमी खर्चाच्या असेंबल पीसीची चौकशी करणाऱ्यासमोर एएमडीचे रायझन ५ ५६०० आणि ५६००जी हे दोन प्रोसेसर अनेकदा शेजारी शेजारी ठेवले जातात. दोन्ही सहा कोअर (गणना करणारे गाभे) आणि बारा थ्रेडचे (एका वेळी चालणारी कामे), दोन्ही ६५ वॉटचे, दोन्ही मदरबोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसणारे आणि दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, त्यातही मूळ वेग ५६००जीचा (पुढे नुसते ‘जी’) ३.९ आणि साध्याचा ३.५ असल्यामुळे, साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाची, भर घालून केलेली वरची आवृत्ती म्हणजे जी, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, आणि वर्षा-दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा विचार असेल तर महागात पडणारा आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानात आलेल्या ५६००जीमध्ये कोअर आणि ग्राफिक्स एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत. तिथे एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, १६ एमबीच आहे आणि बाहेरच्या कार्डाशी जोडणारा माहितीचा मार्ग पीसीआयईच्या ३.० या जुन्या, ४.० पेक्षा निम्म्या वेगाच्या पिढीचा आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स मुळीच नाही. मात्र कॅश दुप्पट, म्हणजे ३२ एमबी, आणि मार्ग पीसीआयई ४.० चा आहे.

‘ग्राफिक्स मुळीच नाही’ याचा अर्थ मला स्वतःच्या पहिल्या पीसीने शिकवला. कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर बोर्डावरच्या एचडीएमआयवर भागवू, या हिशेबाने मी साधा ५६०० आणला होता. पंखे फिरले, बोर्डावरचे दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसत राहिले. रॅम काढून पुन्हा बसवली, केबल बदलून पाहिली, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणला. दोष कशातच नव्हता. बोर्डाच्या मागचे ते पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी असते, आणि ते नसेल तर पोर्ट केवळ शोभेचे राहते.

पीसीआयईचा फरक सगळ्या कार्डांना सारखा जाणवत नाही. या मार्गाच्या सोळा लेन (पदर) वापरणाऱ्या मधल्या फळीतल्या कार्डाला ३.० वर फारसा त्रास होत नाही, पण स्वस्त कार्डांत लेनच कमी दिलेल्या असतात. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही कार्डे आठ लेनवर चालतात, तर आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. चार लेनमधून ४.० वर सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, ३.० वर त्याच्या निम्मीच. आणि या कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्यामुळे ती भरली की उरलेला डेटा याच अरुंद वाटेने रॅममधून आणावा लागतो आणि गेम अडखळू लागतो. म्हणजे ज्याचे बजेट तोकडे, त्यालाच जीचा हा तोटा अधिक भोगावा लागतो, हे मला या जोडीतले सर्वांत विचित्र वाटते.

तरीही जी घेऊ नये असे मी म्हणणार नाही. टॅली, बिले आणि ऑनलाइन अर्ज एवढेच काम असेल तर जी घ्यावा आणि कार्डाचा विचार सोडून द्यावा. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या एका पॅटर्नवाल्यांना (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्यांना) मात्र कास्टिंगची थ्रीडी ड्रॉइंग उघडायची होती आणि कार्डाचे पैसे हातात होते. त्यांना मी साधा ५६०० घ्यायला सांगितले. कार्ड आज घेणाऱ्याने जीकडे वळण्याचे कारण नाही.

कार्ड वर्षभराने घेणाऱ्याचा प्रश्न अवघड आहे. त्याने जी घेतला तर रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधला वाटा घेते आणि एकाच पट्टीवर त्याचा वेग बराच घसरतो. पुढे रॅम वाढवायची म्हणून आज १६ जीबीची एकच पट्टी घेण्याचा सल्ला इतर वेळी रास्त असला, तरी इथे तो लागू होत नाही. त्याऐवजी चार स्लॉटचा बोर्ड पाहावा. बोर्ड बी५५० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) असावा. थोडे पैसे वाचवून ए५२० चिपसेटचा घेतला, तर उद्या जी काढून साधा ५६०० बसवला तरी मार्ग ३.० चाच राहतो, कारण तो चिपसेट ४.० देतच नाही. बी५५० वर मात्र प्रोसेसर बदलताच कार्डाचा स्लॉट आणि एसएसडीसाठीचा पहिला एम.२ स्लॉट दोन्ही ४.० वर चालू लागतात.

हा बदल करताना जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावे. नंतर संगणक दहा मिनिटे चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, तो बंद करून वायर काढावी, आणि स्क्रू सोडवल्यावर कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलके फिरवून सुटा करावा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, आणि पेस्ट वाळलेली असेल तर सॉकेटचा खटका लावलेला असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसला जातो.