तरवड जमिनीत नत्र भरत नाही

‘तरवड शेंगावर्गीय, म्हणून लावला की जमिनीत नत्र आपोआप वाढतं’ हा समज बागकामात फार फिरतो. शेंगा आहेत हे खरंच. पण हवेतला नत्र धरायला मुळांवर जिवाणूंच्या गाठी लागतात आणि तरवडाला त्या होत नाहीत. हरभऱ्याचं रोप उपटा, गाठी दिसतील. तरवडाच्या मुळांवर शोधूनही सापडणार नाहीत. पाला छाटून आच्छादनाला जरूर वापरा, मात्र खताचा हिशेब त्यावर मांडू नका.

लावायचाच, तर कुंपणाला लावा. नवरात्रात घटाच्या माळेला पिवळी फुलं मिळतात, परागासाठी भुंगे येतात. पहिलं वर्षभर पाणी द्या. दुष्काळ सोसतो तो मुरलेला तरवड, कोवळं रोप नव्हे.