घोडा मान झटकतो: तोंडात दुखतंय की चेहऱ्याची नस?

मुंबईत सकाळी साडेसहाच्या रायडिंगला कठड्याजवळ उभं राहिलं की मान उडवणारा एखादा तरी घोडा दिसतोच, आणि वर बसलेल्याला कोणीतरी सांगतच असतं की सोडू नको, नाटकं करतोय, लगाम धरून ठेव. मी पण ते ऐकून धरून ठेवलाय, पहिली दोन वर्षं तर मला दुसरं काही माहीतच नव्हतं. म्हणून हे लिहितेय, कारण लांबून अगदी सारख्या दिसणाऱ्या या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींचे उपाय पार वेगळे. एकात घोडा तक्रार करत असतो, की तोंडात टोचतंय, पाठ दुखतेय, तुमचे हात जड आहेत. दुसऱ्यात त्याच्या चेहऱ्याची नसच भडकते, त्याला ट्रायजेमिनल हेडशेकिंग म्हणतात, आणि त्यात तुम्ही लगाम कितीही हलका धरा, फरक पडत नाही.

दोन घोडे सांगते, म्हणजे नीट कळेल.

सुलतान, रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या घोड्यांची जात. सरळ चालताना छान, पण उजवीकडे वळवायला लगाम घेतला की मान वर फेकायचा, तोंड उघडायचा, जीभ एका बाजूने बाहेर. लगाम सैल सोडला की दहा पावलांत शांत. मी आपली बिट, म्हणजे लगाम जोडलेला तोंडातला धातूचा दांडा, बदलून बघत होते, हे बिट ते बिट, महिना गेला त्यात. शेवटी घोड्यांची देखभाल करणारे सईस मामा म्हणाले, "ताई, याच्या गव्हाणीखाली बघा जरा." खाली गवताचे ओले बोळे पडलेले, अर्धवट चघळून टाकलेले, लिंबाएवढे. डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारून दाखवलं, उजव्या गालाला आतून लांबलचक जखम. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड झिजत नाही आणि सुरीसारखी धारदार होते, मग लगाम खेचला की गाल त्या धारेवर दाबला जातो. दातांची धार घासून काढली, जखम भरेपर्यंत दोन आठवडे बिट घातलं नाही, संपला विषय. (दात वर्षातून एकदा तरी बघून घ्याच, काही घोड्यांना सहा महिन्यांनी लागतं.)

हिरा वेगळा. नऊ वर्षांचा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), दात चांगले, चंदी व्यवस्थित खायचा, खराऱ्याला शांत उभा. मार्चमध्ये ऊन चढायला लागलं तसं सुरू झालं. वॉकमध्ये (साध्या चालीत) काही नाही, ट्रॉटला (दुडक्या चालीत) पाच-सात मिनिटं झाली की नाक खालून वर असं झटकन उडवायचा, शॉक लागल्यासारखं, की नाकपुडीत मधमाशी शिरलीय असं वाटावं. मग फुरफुरणं, शिंका, आणि चालता चालता मान खाली घालून पुढच्या पायावर नाक घासणं. लगाम सोडला तरी तेच. बिट काढून नुसत्या दोरीवर गोल फिरवला तरी तेच. एकदा तर कँटरमध्ये (हलक्या दौडीत) त्याने पुढचा पाय उचलून स्वतःच्याच तोंडावर मारायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघं पडता पडता वाचलो. उतरले तेव्हा माझे पाय थरथरत होते, आणि तो माझ्या खांद्याला नाक घासत होता, थांबतच नव्हता.

आता ही नस म्हणजे काय. ट्रायजेमिनल ही मेंदूतून निघणारी पाचवी नस, चेहऱ्याची सगळी संवेदना तिच्याकडे, आणि तिची एक फांदी डोळ्याखालच्या हाडातल्या भोकातून बाहेर येऊन नाक आणि वरच्या ओठाकडे जाते. हेडशेकिंगच्या घोड्यांमध्ये ही नस कापलेली, सुजलेली, सडलेली काही नसते, सूक्ष्मदर्शकाखाली नॉर्मलच दिसते. बिघडलेलं असतं ते तिचं काम. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या पशुवैद्यकीय कॉलेजमध्ये करंट देऊन मोजलं, तर निरोगी घोड्यांची नस 10 मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्तीला जागी होत होती आणि या घोड्यांची 5 किंवा त्याच्याही आत. म्हणजे वारा, ऊन, धूळ, पावसाचे थेंब, जे बाकीच्या घोड्यांना जाणवतही नाही, त्याने यांच्या नाकात कळ उठते.

माझ्या मावशीला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया होता, माणसांमधलं याचं भावंड म्हणा. चर्चगेट लोकलमध्ये विंडो सीट मिळाली तरी ती उठून आत बसायची, वारा गालाला लागला की कळ यायची म्हणून. लोकांना वाटायचं बाई विचित्र आहे. हिराला पाय उचलून तोंडावर मारताना बघितलं तेव्हा मला तीच आठवली, पदराने गाल झाकून बसलेली.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात आधी झटक्याची जात बघा. नसेचा झटका छोटा, तीक्ष्ण, बहुतेक वेळा उभा, वर-खाली, आणि त्याच्यासोबत नाकाचा काहीतरी उद्योग असतोच, शिंकणं, घासणं, नाक दुसऱ्या घोड्याच्या शेपटीत खुपसणं. तक्रारीचा झटका मोठा आणि लांब, मान उंच जाते आणि तिथे राहते, कान मागे, तोंड उघडं, शेपटी फटफट, आणि तो कशाच्या तरी मागोमाग येतो: लगाम घेतला, कुशीला पाय लावला, वळवलं, थांबवलं. एकच बाजू किंवा एकच चाल असेल तर शंका तोंडावर, पाठीवर, पायावर घ्यायची. मान आडवी हलवत असेल, डोकं वाकडं धरत असेल तर कानात बघायला सांगा, कानातले किडे आणि पावसाळ्यातल्या चिलटांनीही घोडा बेजार होतो.

पण एक चकवा आहे आणि त्यात बरेच जण फसतात. "फक्त वर बसल्यावरच करतो, मोकळा असताना नाही, म्हणजे बिटचं किंवा रायडरचंच असणार." असं नसतं. नसेचा त्रास व्यायामाने वाढतो, त्यामुळे तबेल्यात शांत आणि रायडिंगमध्ये हैराण असा नसवाला घोडा अगदी कॉमन आहे. म्हणून बिट काढून लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल, त्याच चालीत, तेवढाच वेळ, त्याच उन्हात फिरवून बघायचं, पाच मिनिटं वॉक करून "बघा, ठीक आहे" म्हणायचं नाही. उलटी चूकही होते. लंजवर पण मान उडवतोय म्हणजे नसच असं धरून बसलात तर कुजलेल्या दाढेचं मूळ, सायनस, मानेचं दुखणं राहून जाईल, कारण ते काय फक्त रायडर बसल्यावर दुखत नाही.

अंगातल्या दुखण्यासाठी एक चांगली गोष्ट आहे. इंग्लंडच्या घोड्यांच्या डॉक्टर स्यू डायसन यांनी रायडिंगमधल्या घोड्याच्या 24 हालचालींची यादी केलीय, त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर पाय-पाठीचं दुखणं असण्याची शक्यता बरीच. मान हलवणं हा त्यातला फक्त एक भाग. म्हणून मी आता नुसती मान बघत नाही, कान, डोळे, तोंड, शेपटी, पावलं सगळं बघते.

आणि नस हे निदान सगळ्यात शेवटी येतं, बाकीचं सगळं बाद करून. डॉक्टर तोंड बघतील, डोळे, कान, नाकातून दुर्बीण घालून घशापर्यंत बघतील, गरज पडली तर डोक्याचे एक्स-रे, जमलं तर सीटी स्कॅन. कधी चेहऱ्याच्या नसेला भूल देऊन बघतात की झटके कमी होतात का. साध्या पेनकिलरचा कोर्स देऊन बघणं पण उपयोगी, सांधे-पाठ दुखत असेल तर त्याने फरक पडतो, नसेच्या कळेला त्याने सहसा काही होत नाही. वय आणि जात पण थोडं सांगते, हे जास्त करून सात ते नऊ वर्षांच्या आसपास सुरू होतं, गेल्डिंगमध्ये जास्त, थरोब्रेडमध्ये जास्त, आणि आपल्याकडे रायडिंगला येणारे कितीतरी घोडे रेसमधले थरोब्रेडच असतात. बऱ्याच घोड्यांना ठरावीक मोसमातच होतं. मुंबईचा सीझन संपला की रेसचे घोडे पुण्याला जातात, तसं जागा बदलल्यावर कधीकधी झटकणं कमी झालेलं पण दिसतं, म्हणून वही ठेवा: ऊन होतं का, समुद्राकडून वारा होता का, किती मिनिटांनी सुरू झालं. माझ्या वहीत तीन आठवड्यांतच दिसलं की ढगाळ दिवशी हिरा जवळजवळ बरा असतो.

उपायांमध्ये पहिला नंबर नाकाच्या जाळीचा. नाकपुड्यांवर बारीक जाळी लटकते, तिचा हलका स्पर्श सतत चालू राहतो आणि कळ दबते, कोपर आपटल्यावर आपण चोळतो तसंच काहीसं. साधारण चारातल्या एका घोड्यात मालकांना खूप, म्हणजे 70 टक्क्यांच्या आसपास फरक दिसलाय, आणि स्वस्त आहे, धोका नाही, म्हणून आधी हे. उन्हाने होत असेल तर डोळ्यांवरचा मास्क. औषधांत सिप्रोहेप्टाडिन, जे आपल्याकडे भूक वाढवायच्या सिरपमध्ये मिळतं, आणि कार्बामाझेपिन, जे माणसांच्या न्यूरॅल्जियाला देतात, दोन्ही वापरतात, पण मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका, डोस आणि साइड इफेक्ट डॉक्टरांचं काम, शिवाय स्पर्धेत उतरणार असाल तर डोपिंगमध्ये अडकाल. इंग्लंडमध्ये त्वचेखाली सुई घालून नसेला हलका करंट देतात, काही सिटिंग, साधारण निम्म्या घोड्यांना आराम पडतो, कायमचा नाही. पूर्वी नाकाकडची नस कापून टाकायचे, ते आता करत नाहीत, कारण झटके थांबायचे नाहीत आणि कापलेल्या टोकाला नवीन दुखणं लागायचं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. मान बांधू नका. हिराला एका ठिकाणी माझ्यासमोर टाइट मार्टिंगेल (मान वर जाऊ नये म्हणून छातीकडून बांधायचा पट्टा) आणि करकचून नोजबँड (नाकाभोवतीचा पट्टा) लावला गेला, "शिस्त लागेल" म्हणून. मी काही बोलले नाही आणि ते मला अजून टोचतं. सुलतानसारख्या घोड्याला बांधलंत तर जखम आणखी दाबली जाते, हिरासारख्याला बांधलंत तर कळ येते आणि झटकताही येत नाही, मग तो मागच्या पायांवर उभा राहतो किंवा पळत सुटतो. नोजबँड नाकाच्या हाडावर, बाजूला नाही, पुढून, दोन बोटं सहज जातील इतका सैल हवा, दोन्ही प्रकारांत.

हिरा आता जाळी लावून सकाळी सव्वासहालाच बाहेर निघतो, ऊन यायच्या आत. सुरू झालंच तर मी लगाम सोडते, वॉकवर आणते, दोन मिनिटांत थांबलं नाही तर उतरते आणि चालवत परत नेते. मार्च ते मे त्याच्यावर मुलांना बसवत नाही, कितीही मागणी असली तरी. डॉक्टरांना दाखवणार असाल तर मोबाइलवर तीन व्हिडिओ काढून न्या, एक रायडिंगचा, एक बिटशिवाय लंजवरचा, एक तबेल्यात नुसता उभा असतानाचा, प्रत्येक निदान दहा मिनिटांचा आणि बाजूने, पूर्ण घोडा दिसेल असा, कारण डॉक्टर येतात त्या दिवशी नेमकं ढगाळ असतं आणि घोडा एकदाही मान उडवत नाही.