डुकराच्या पिल्लांचं पोट आणि प्रोबायोटिक खाद्य

प्रोबायोटिक म्हणजे असे जिवंत बॅक्टेरिया किंवा यीस्ट, जे पुरेशा प्रमाणात पोटात गेले की खाणाऱ्याच्या तब्येतीला फायदा होतो. ही व्याख्या एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञांनी २००१ मध्ये माणसांच्या खाण्यासाठी केली होती, पण पशुखाद्यातही तीच चालते. वराहपालनात हे खाद्यात नाहीतर पाण्यात मिसळून देतात आणि मुख्य वापर होतो तो पिल्लांचं दूध तोडायच्या आसपास, मोठ्या डुकरांत त्या मानाने फरक कमीच दिसतो.

सगळी भानगड या दूध तोडण्यातच आहे. मोकळ्यावर असलेली डुकरीण पिल्लांना तीन महिने, कधी त्याहून जास्त पाजते, फार्मवर मात्र २१ ते २८ दिवसांत आई बाजूला काढतात. त्याच दिवशी जागा बदलते, अनोळखी पिल्लांशी मारामाऱ्या होतात, कोमट दुधाऐवजी समोर कोरडं खाद्य येतं आणि बरीच पिल्लं पहिला दिवसभर, काही तर दोन दिवस त्याला तोंडच लावत नाहीत. असं उपाशी राहिलं की आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न शोषून घेणारे जे बारीक बारीक उंचवटे असतात ते काही दिवसांतच आखूड होतात. त्यात दुधातली साखर बंद झालेली, म्हणजे तिच्यावर जगून लॅक्टिक अ‍ॅसिड बनवणारे लॅक्टोबॅसिलस कमी, आणि पिल्लाच्या जठरात स्वतःचं अ‍ॅसिड अजून पुरेसं सुटत नसतं. मग भूक लागल्यावर ते एकदम भरपूर खातं, न पचलेलं प्रोटीन पुढे मोठ्या आतड्यात जाऊन सडतं आणि ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाला रान मोकळं मिळतं.

दूध तोडल्यावरची हगवण बहुतेक वेळा याच ई. कोलायच्या विषारी जातींमुळे होते. त्यांच्या अंगावर एफ४ किंवा एफ१८ नावाचे तंतू असतात, त्यांनी ते आतड्याच्या भिंतीला चिकटतात, टॉक्सिन सोडतात आणि शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. पिल्लू पाण्यासारखं पातळ करतं, शेपटीखालचा भाग ओला आणि लाल होतो, डोळे खोल जातात, काही तर काही लक्षण दिसायच्या आतच मेलेली सापडतात. एकाच वेतातली चार आजारी आणि बाकीची ठणठणीत असं दिसतं तेव्हा त्यात नशीब वगैरे फारसं नसतं, कारण काही पिल्लांच्या आतड्यात एफ४ला चिकटायची जागाच नसते, ते आईबापाकडून आलेलं असतं.

यावर आधी सोपा उपाय होता, खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायचं. त्याने वजनही धरायचं, पण औषधाला दाद न देणारे जंतू वाढायला लागले. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचं अँटिबायोटिक बंद केलं, युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून. त्यानंतर खाद्यात २५०० ते ३००० पीपीएम (म्हणजे किलोला अडीच ते तीन ग्रॅम) झिंक ऑक्साइड घालायची पद्धत बोकाळली, हगवण त्याने थांबते हे खरं, पण बरंचसं झिंक विष्ठेतून जमिनीत जातं, म्हणून औषध म्हणून त्याचा वापरही युरोपियन युनियनमध्ये जून २०२२ पासून बंद झाला. प्रोबायोटिकला आलेला भाव बराचसा यातून आलाय.

काम कसं करतात? चिकटायची जागा आणि खाणं यावर हक्क सांगून वाईट जंतूंना उपाशी ठेवतात, अ‍ॅसिड बनवून पीएच खाली आणतात म्हणजे आतडं जास्त आंबट करतात, काही जण दुसऱ्या बॅक्टेरियांना मारणारी प्रथिनं सोडतात, आतड्याच्या पेशींमधल्या फटी घट्ट राहायला मदत होते आणि रोगप्रतिकारशक्तीलाही चालना मिळते. पण हे सगळं सगळ्या जातींना सरसकट लागू नाही, एकाच जातीचे दोन स्ट्रेन, म्हणजे पोटप्रकारही वेगळे वागतात, त्यामुळे डब्यावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, स्ट्रेनचा नंबर पाहिजे.

फार्मवर चालणारे प्रकार तसे मोजकेच. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस पोटात चांगलं काम करतात पण नाजूक. पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या बनवताना खाद्य ७० ते ९० अंशांपर्यंत तापतं, तिथेच ते बरेच मरतात, त्यामुळे नंतर फवारून नाहीतर कोटिंग करून द्यावे लागतात. बॅसिलस सबटिलिस आणि लायकेनिफॉर्मिस स्पोअरच्या, म्हणजे जाड कवचाच्या सुप्त रूपात असतात, उष्णता आणि जठरातलं अ‍ॅसिड दोन्ही सोसतात, म्हणून फीडमिलवाल्यांचे हे लाडके. सॅकरोमायसिस यीस्टला अँटिबॅक्टेरियल औषधाने काही होत नाही. एंटेरोकॉकस फीशियम पण वापरतात, मात्र त्यात अँटिबायोटिकला न जुमानणारी जीन्स नाहीत ना हे तपासलेलं असावं, कारण तो ती दुसऱ्या जंतूंना देऊ शकतो. डोस साधारण किलोभर खाद्याला १०० कोटी जिवंत जंतू या घरात असतो, स्ट्रेनप्रमाणे वरखाली.

माझ्या मते पिल्लापेक्षा आईला देणं जास्त शहाणपणाचं आहे आणि तिकडे लक्ष कमी जातं. पिल्लाच्या पोटात पहिले जंतू जातात ते आईच्या सडावरून, अंगावरून, तिची विष्ठा हुंगताना-चाखताना, म्हणून विण्याच्या काही आठवडे आधीपासून डुकरिणीला प्रोबायोटिक सुरू केलं तर तेच पिल्लांत उतरतं. चिकाची जागा मात्र ते घेत नाही. डुकराच्या नाळेतून अँटिबॉडी जवळजवळ जातच नाहीत आणि चिकातल्या अँटिबॉडी शोषून घेणारं आतडं साधारण २४ तासांत बंद होतं.

निकाल सगळीकडे सारखे येत नाहीत. स्वच्छ, कमी गर्दीच्या फार्मवर फरक कमी दिसतो कारण मुळात त्रासच कमी असतो, आणि जिथे खाद्यात प्रोटीन जास्त, पिल्लं २१ दिवसांच्याही आत तोडलेली, जागा थंड आणि ओली, तिथे कितीही महागडं पाकीट ओतलं तरी हगवण येतेच. क्लोरीन मारलेल्या पाण्यात किंवा अँटिबायोटिकच्या जोडीला दिलं तर नाजूक जंतू पोटात पोचायच्या आधीच किंवा पोचल्या पोचल्या मरतात, आणि देणं बंद केलं की बहुतेक स्ट्रेन काही दिवसांतच विष्ठेतून दिसेनासे होतात, म्हणून दूध तोडायच्या आधी, आईजवळ असतानाच पिल्लांना देतात त्या क्रीप फीडपासून नंतरचे दोन-तीन आठवडे तरी रोज देत राहावं लागतं.